एकाच जिवाणूत दोन प्रथिने
(खरीपपूर्व शेतकरी मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आजच्या विषयाचे नाव वाचून आपणांस वाटेल, की हा विषय प्रयोगशाळेतल्या मंडळींचा, आपल्या शिवाराशी त्याचा काय संबंध? संबंध आहे, आणि तो आपल्या घरापर्यंत पोचलेला आहे. कपाशीच्या बियाण्याची पिशवी हातात घ्या. तिच्यावर 'बीजी-२' असे छापलेले असते. त्यातील दोनचा अर्थ असा, की या कपाशीच्या झाडात बोंडअळीला मारणारी दोन निरनिराळी प्रथिने तयार होतात. एकाचे नाव क्राय-१-एसी आणि दुसऱ्याचे क्राय-२-एबी. ही दोन्ही प्रथिने मुळात एका जमिनीतल्या जिवाणूची.

शिवारफेरीत एक प्रश्न हमखास येतो. "साहेब, दोन-दोन प्रथिने असूनही बोंडात गुलाबी अळी निघतेच कशी? बियाणे बोगस आहे, की अळी पक्की झाली?" या प्रश्नाचे उत्तर एका वाक्यात देता येत नाही. मात्र दोन प्रथिने एकाच पेशीत तयार करण्याचे काम प्रयोगशाळेत जिवाणूंवर नित्य चालते. तेथे कोणत्या अडचणी येतात आणि त्या कशा सोडवतात हे समजून घेतले, तर आपल्या बोंडातली अडचणही समजते. म्हणून आधी प्रयोगशाळेत जाऊ आणि मग शेतावर परत येऊ.

जिवाणूच का?

प्रथिन म्हणजे पेशीतले काम करणारे द्रव्य. पानात हवेतील कार्बन पकडणारे ते प्रथिन, मुळावरच्या गाठीत नत्र स्थिर करणारे ते प्रथिन आणि अळीच्या आतड्याला भोके पाडणारेही प्रथिनच. प्रत्येक प्रथिन कसे बनवायचे याचा आराखडा जनुकात असतो.

एखादे प्रथिन अभ्यासासाठी वा औषधासाठी मोठ्या प्रमाणात हवे असेल, तर त्याचे जनुक जिवाणूत घालून त्याच्याकडून ते बनवून घेतात. या कामासाठी ई. कोलाय हा जिवाणू सर्वाधिक वापरला जातो. तो आपल्या व जनावरांच्या आतड्यात राहतो. प्रयोगशाळेत त्याचे रोग न करणारे वाण वापरतात. तो स्वस्त खाद्यावर वाढतो आणि अनुकूल परिस्थितीत दर वीस मिनिटांनी दुप्पट होतो. एका पेशीपासून सुरुवात केली, तर सात तासांत एकवीस वेळा दुप्पट होऊन तिच्या वीस लाखांवर पेशी होतात. एवढ्या वेगाने वाढणारे दुसरे पीक आपल्याकडे नाही.

जनुक जिवाणूत नेण्यासाठी प्लास्मिड वापरतात. प्लास्मिड म्हणजे डीएनएचे लहानसे कडे. जिवाणूच्या मुख्य डीएनएपासून ते वेगळे राहते आणि त्याच्या प्रती पेशीत स्वतंत्रपणे निघतात. या कड्यात आपल्याला हवे ते जनुक जोडले, की जिवाणू ते आपलेच समजून प्रथिन बनवू लागतो. वॉशिंग्टन विद्यापीठातील श्नेफ आणि व्हाइटली या शास्त्रज्ञांनी १९८१ साली बीटी जिवाणूचे विषारी प्रथिन बनवणारे जनुक याच रीतीने ई. कोलायमध्ये घातले. त्या ई. कोलायच्या अर्काने तंबाखूवरील अळ्या मेल्या. बीटी कपाशीचा रस्ता अशा कामातून पुढे गेला.

निसर्गातील जोडी

दोन प्रथिने एकत्र बनवणे ही कल्पना माणसाची नव्हे. बीटी म्हणजे बॅसिलस थुरिंजिएन्सिस. जपानमध्ये इशिवाता यांना तो १९०१ साली मेलेल्या रेशीम किड्यात सापडला. पुढे जर्मनीतील थुरिंजिया भागात बर्लिनर यांना तो पिठातील पतंगाच्या अळीत मिळाला आणि त्या भागावरून त्याचे नाव पडले. हा जिवाणू बीजाणू तयार करताना सोबत प्रथिनाचा स्फटिक बनवतो. आपण फवारतो त्या बीटी भुकटीत हेच बीजाणू आणि स्फटिक असतात. या भुकटीसाठी जगभर वापरला जाणारा कुर्स्टाकी प्रकारातील एचडी-१ हा वाण एकटाच क्राय-१ गटातील अनेक प्रथिने आणि त्याशिवाय क्राय-२-एए बनवतो. म्हणजे भुकटीचा पुडा हा एकाच जिवाणूत अनेक प्रथिने तयार झाल्याचा जुना नमुना होय.

याच वाणात आणखी एक गोष्ट दडलेली होती. क्राय-२-एबी या प्रथिनाचे जनुक एचडी-१ मध्ये पूर्ण आहे, पण जिवाणू ते प्रथिन बनवत नव्हता. तपासाअंती दिसले, की जनुकाच्या आधी जो सुरुवातीचा भाग लागतो, ज्याला प्रवर्तक म्हणतात, तो तेथे कामाचा नाही. विहिरीवर मोटार बसवली आहे, पाइप जोडला आहे, पण स्टार्टरच नाही, अशी ती अवस्था. कामाचा प्रवर्तक जोडून दिल्यावर त्याच जनुकातून प्रथिन तयार झाले. आज बीजी-२ मधील दुसरे प्रथिन म्हणतात ते हेच. यातून पहिला धडा घ्यावा : जनुक असणे म्हणजे प्रथिन असणे नव्हे.

दोन प्रथिने एकत्र कशासाठी?

प्रत्येक वेळी जोडी लागतेच असे नाही. मधुमेहावरील इन्सुलिनमध्ये दोन साखळ्या असतात. १९७८ साली अमेरिकेत त्या ई. कोलायच्या दोन वेगळ्या वाणांत वेगवेगळ्या तयार केल्या आणि नंतर नळीत एकमेकींना जोडल्या. काम झाले. मात्र सर्व प्रथिने अशी वेगळी बनवून मिसळता येत नाहीत. त्याची मुख्य कारणे दोन आहेत.

पहिले कारण, काही प्रथिने जोडीदाराशिवाय उभीच राहत नाहीत. पानातील रुबिस्को हे प्रथिन घ्या. हवेतील कार्बन पकडून साखर बनवण्याचे पहिले काम ते करते. पिकाला दिलेल्या नत्राचा मोठा वाटा पानात या एका प्रथिनात जातो. त्याचे आठ मोठे आणि आठ लहान भाग असतात. वनस्पतीचा मोठा भाग एकटा ई. कोलायमध्ये बनवला, तर त्याचे निरुपयोगी गोळे होत. अनेक वर्षे हे कोडे सुटत नव्हते. २०१७ साली जर्मनीतील माक्स प्लांक जीवरसायन संस्थेत दोन्ही भागांबरोबर हरितकणातील अनेक मदतनीस प्रथिनेही त्याच ई. कोलायमध्ये बनवली, तेव्हा कार्यक्षम रुबिस्को तयार झाले. नत्र स्थिर करणारे नायट्रोजिनेज हेही दोन प्रथिनांचे जोडकाम आहे. एकात लोह असते, तर दुसऱ्यात लोह व मॉलिब्डेनम. यातील एक कमी असले, तर नत्र स्थिर होत नाही. इंग्लंडमध्ये डिक्सन व पोस्टगेट यांनी १९७२ साली क्लेबसिएला जिवाणूतील नत्र स्थिरीकरणाचा सबंध जनुकसमूह ई. कोलायमध्ये नेला, तेव्हाच ई. कोलाय नत्र स्थिर करू लागला.

दुसरे कारण, काही वेळा एक प्रथिन दुसऱ्याला सांभाळते. बीटीचा इस्रायलेन्सिस हा प्रकार डासांच्या अळ्या मारतो. तो १९७६ साली इस्रायलमधील नेगेव्ह वाळवंटात सापडला. त्याचे सिट-१-ए हे प्रथिन इतके जहाल आहे, की एकटे बनवले तर ते ज्या पेशीत तयार होते तिलाच मारते. ई. कोलायमध्ये हे जनुक घातले असता प्रथिन फारसे साठतच नव्हते. मात्र त्याच जिवाणूतील पी-२० नावाचे लहान प्रथिन सोबत बनवले, तर सिट-१-ए टिकते, साठते आणि पेशीही जगते. जहाल औषधाचे झाकण जसे औषधाबरोबरच लागते, तसाच हा प्रकार.

प्रयोगशाळेतील तीन पद्धती

एका पेशीत दोन जनुके चालवण्याच्या मुख्य पद्धती तीन आहेत.

पद्धत पहिली : दोन प्लास्मिड. प्रत्येक जनुक वेगळ्या कड्यात घालतात आणि दोन्ही कडी एकाच जिवाणूत सोडतात. सोय अशी, की एक जनुक बदलायचे असेल, तर दुसऱ्याला हात लावावा लागत नाही. परंतु येथे एक पथ्य आहे. प्रत्येक कड्यावर प्रत काढण्यास जेथे सुरुवात होते अशी जागा असते आणि पेशी त्या जागेवरून प्रतींची संख्या ठरवते. दोन्ही कड्यांवर ही जागा एकाच प्रकारची असेल, तर पेशीला दोघांतला फरक कळत नाही. ती एकूण प्रती मोजते, कोणाच्या किती हे पाहत नाही. पेशी विभागताना प्रती जशा येतील तशा वाटल्या जातात आणि काही पिढ्यांत कोणतेतरी एक कडे नाहीसे होते. म्हणून दोन भिन्न प्रकारची कडी निवडतात. उदाहरणार्थ, एक पीबीआर-३२२ च्या घराण्यातील आणि दुसरे पी-१५-ए प्रकारच्या पीएसीवायसी घराण्यातील. ही दोन एका पेशीत सुखाने नांदतात.

एवढ्यावर भागत नाही. परके प्रथिन बनवणे हा जिवाणूवर बोजाच असतो. ज्या पेशीने कडे टाकून दिले, ती हलकी होऊन भराभर वाढते आणि कामाच्या पेशींना मागे टाकते. शेतात तण पिकाच्या पुढे जाते तसे. त्यावर उपाय म्हणून एका कड्यावर ॲम्पिसिलीन आणि दुसऱ्यावर क्लोरॅम्फेनिकॉल या प्रतिजैविकाला तोंड देणारे जनुक ठेवतात आणि खाद्यात दोन्ही प्रतिजैविके घालतात. ज्याच्याकडे दोन्ही कडी, तोच जगतो. यातही एक खोच आहे. ॲम्पिसिलीनला तोंड देणाऱ्या पेशी ते औषध खाद्यातच मोडून टाकतात. त्यामुळे बराच वेळ वाढवलेल्या खाद्यात राखण उठून जाते आणि कडे गमावलेल्या पेशीही वाढू लागतात. म्हणून जुने, शिळे विरजण वापरू नये, असा दंडक असतो.

पद्धत दुसरी : एक प्लास्मिड, दोन प्रवर्तक. दोन्ही जनुके एकाच कड्यात, पण प्रत्येकाला स्वतंत्र स्टार्टर. बाजारात 'ड्युएट' नावाने मिळणारी प्लास्मिडे याच तत्त्वावर आहेत. एका कड्यात दोन जनुकांची सोय असते. अशी चार भिन्न प्रकारची कडी एकत्र वापरून आठ प्रथिनांपर्यंत मजल मारता येते. एक कडे टिकले म्हणजे दोन्ही जनुके टिकली, हा मोठा फायदा. मात्र दोन प्रवर्तक एकसारखे असले, तरी प्रथिने समप्रमाणात निघतीलच असे नाही.

पद्धत तिसरी : एकाच प्रवर्तकाखाली दोन जनुके. जिवाणूंची ही स्वतःची रीत आहे. हिला ऑपेरॉन म्हणतात आणि याकोब व मोनो या फ्रेंच शास्त्रज्ञांनी १९६१ साली ती मांडली. एका प्रवर्तकापासून एकच लांब संदेश निघतो आणि त्यावर एकामागून एक प्रथिनांचे आराखडे असतात. प्रत्येक आराखड्याच्या आधी रायबोसोम बसण्याची जागा मात्र हवी. बीटीमध्येही क्राय-२-एए चे जनुक असे तीन जनुकांच्या रांगेत शेवटी आहे आणि रांगेतले दुसरे जनुक स्फटिक बनण्यास मदत करते.

या पद्धतीत क्रमाला महत्त्व आहे. बहुतेक वेळा पहिल्या जनुकाचे प्रथिन जास्त आणि मागच्याचे कमी निघते. कालव्याच्या मुखाशी पाणी भरपूर आणि टेलच्या शेतकऱ्याच्या वाट्याला उरलेले, हे आपणांस सांगायला नको. म्हणून जे प्रथिन कमी पडते त्याचे जनुक पुढे घेतात किंवा त्याच्यापुढील रायबोसोमची जागा अधिक जोरकस करतात. काही ठिकाणी पहिल्या आराखड्याचा शेवट आणि दुसऱ्याची सुरुवात एकमेकांत गुंतवतात. मग पहिले प्रथिन संपवणारा रायबोसोम तेथेच दुसरे सुरू करतो आणि दोन्ही जवळजवळ सारख्या संख्येने तयार होतात.

प्रत्यक्ष काम कसे चालते?

सायंकाळी जिवाणूंचे लहान विरजण दोन्ही प्रतिजैविकांसह ३७ अंश सेल्सिअसला हलवत ठेवतात. सकाळी ते शंभर पट ताज्या खाद्यात मिसळतात. एक लिटर खाद्यात दहा ग्रॅम ट्रिप्टोन, पाच ग्रॅम यीस्टचा अर्क आणि दहा ग्रॅम मीठ असते. दोन-तीन तासांत खाद्य गढूळ होते. गढूळपणा यंत्रावर ०.६ च्या आसपास आला, की आयपीटीजी नावाचे रसायन अत्यल्प प्रमाणात घालतात. ते साखरेसारखे दिसते, पण जिवाणूला पचत नाही. त्यामुळे एकदा सुरू झालेली कळ सुरूच राहते.

येथे घाई नडते. ३७ अंशाला प्रथिन भराभर बनते, पण घडी नीट न पडता नासलेल्या दुधासारखे त्याचे गोळे होतात. म्हणून पुष्कळदा तापमान १६ ते २० अंशांवर आणून रात्रभर सावकाश काम चालू देतात. माल थोडा कमी, पण कामाचा मिळतो.

दुसऱ्या दिवशी पेशी खाली बसवून बर्फात ठेवून फोडतात. आता दोन्ही प्रथिने खरोखर एकमेकांना धरून आहेत की नुसती शेजारी आहेत, हे पाहण्याची एक साधी युक्ती आहे. दोनपैकी एकालाच हिस्टिडीनची छोटी शेपटी जोडलेली असते. ही शेपटी निकेलला चिकटते. अर्क निकेलच्या स्तंभातून सोडला, की शेपटीवाले प्रथिन अडकते. बिनशेपटीचे प्रथिनही त्याच्याबरोबर अडकून राहिले, तर जोडी खरी. वाहून गेले, तर जोडी जमलेली नाही.

मग जेलवर प्रथिने वजनानुसार वेगळी करून रंगवतात. दोन पट्टे दिसतात. दोन्ही पट्टे सारखे गडद दिसले, म्हणून दोन्ही प्रथिने सारख्या संख्येने आहेत असे समजू नये. क्विंटलभर ज्वारी आणि क्विंटलभर हरभरा यांतील दाण्यांची संख्या सारखी नसते. क्राय-१-एसी चे मूळ प्रथिन सुमारे १३० किलोडाल्टनचे आणि क्राय-२ गटातील त्याच्या साधारण निम्मे. सारख्या गडद पट्ट्यांत हलक्याची संख्या दुप्पट असते. म्हणून प्रमाण मोजूनच ठरवावे लागते.

या सर्व खटाटोपाचे सार एवढेच : दोन जनुके एका पेशीत आणणे तुलनेने सोपे, पण प्रत्येक पेशीत, प्रत्येक पिढीत, योग्य प्रमाणात दोन्ही टिकवणे अवघड. प्रयोगशाळेत निम्मे कष्ट टिकवण्यावर जातात.

आता आपल्या बोंडात पाहू

आपल्याकडे २००२ साली एका प्रथिनाच्या बीटी कपाशीला आणि २००६ साली दोन प्रथिनांच्या बीजी-२ ला मान्यता मिळाली. दोन प्रथिने घेण्यामागील विचार योग्य होता. क्राय-१-एसी आणि क्राय-२-एबी अळीच्या आतड्यात वेगवेगळ्या ठिकाणी चिकटतात. एकाला दाद न देणारी अळी दुसऱ्याने मरावी, ही अपेक्षा.

परंतु बीजी-२ मध्ये दुसरे जनुक पहिल्याच्या शेजारी नाही. आधी क्राय-१-एसी असलेल्या कपाशीत नंतर क्राय-२-एबी घातले गेले आणि ते गुणसूत्रावर वेगळ्या जागी बसले. म्हणजे हा प्रकार एका कड्यातील दोन जनुकांचा नसून दोन कड्यांसारखा आहे. त्यातच आपल्याकडे बहुतेक सर्व बीटी कपाशी संकरित. संकराच्या वेळी जनुके साधारणपणे एकाच बाजूच्या पालकाकडून येतात. झाडाच्या पानात, फुलात, बोंडाच्या सालीत दोन्ही प्रथिने असतात. पण बोंडातली सरकी ही पुढची पिढी. तेथे मेंडेलच्या नियमाप्रमाणे जनुकांची वाटणी होते.

दोन्ही जनुके स्वतंत्रपणे वाटली गेली, तर दर सोळा सरक्यांचा हिशोब असा पडतो : नऊ सरक्यांत दोन्ही प्रथिने, तीन सरक्यांत फक्त पहिले, तीन सरक्यांत फक्त दुसरे आणि एका सरकीत एकही नाही. बोंडात पंचवीस-तीस सरक्या धरल्या, तर त्यांतील अकरा ते तेरा सरक्यांत जोडी फुटलेली असते.

आणि गुलाबी बोंडअळी खाते काय? सरकीच. एकच प्रथिन असलेल्या सरकीत, त्या एकाच प्रथिनाला थोडीफार दाद न देणारी अळी तग धरते आणि तिची प्रजा वाढते. अळीला विषाची सवय लागत नाही. जी आधीपासून कणखर आहे तीच मागे उरते, एवढाच याचा अर्थ. शिवाय झाड जसे जुने होते तसे क्राय-१-एसी चे प्रमाण घटत जाते आणि फुलातील बीजकोश व हिरव्या बोंडाची साल यांत ते मुळातच कमी असते, असे नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेच्या अभ्यासात दिसून आले आहे. हा अभ्यास २००५ साली प्रसिद्ध झाला. गुजरातेत गुलाबी अळीने क्राय-१-एसी ला दाद न दिल्याचे २०१० साली जाहीर झाले. पुढील काही वर्षांत ती दोन्ही प्रथिनांना पुरून उरली आणि २०१७ च्या खरिपात महाराष्ट्रातील कापूस उत्पादकांना मोठा फटका बसला.

म्हणून वरील प्रश्नाचे उत्तर असे : बियाणे अस्सल असूनही गुलाबी अळी निघू शकते. बियाण्यात प्रथिन आहे की नाही, हे पट्टीच्या साध्या चाचणीने कळते. अळी पक्की झाली की नाही, हे पाहण्यासाठी ही दोन प्रथिने अळीच्या कृत्रिम खाद्यात वेगवेगळी मिसळून पाहावी लागतात. म्हणजे एकत्र बनवण्याइतकेच वेगळे बनवणेही कधी कधी गरजेचे असते.

आपण काय करावे?

१. बीटी कपाशीची सरकी किंवा तिच्यापासून तयार केलेले सुटे, बिगरपावतीचे बियाणे पेरू नये. त्यात वर सांगितलेली नऊ-तीन-तीन-एकची वाटणी अख्ख्या शेतात झाडाझाडांवर दिसते. सोळांपैकी सात झाडांत जोडी फुटलेली असते आणि संकराचा जोमही उतरतो.

२. पिशवी, त्यावरील टॅग, पावती आणि मूठभर बियाणे हंगाम संपेपर्यंत जपून ठेवावे. तक्रार करायची वेळ आली, तर पुरावा हाच.

३. बिगर-बीटी बियाण्याला कमी लेखू नये. पूर्वी पिशवीबरोबर १२० ग्रॅमची वेगळी पुडी येत असे आणि ती अनेकांनी बांधावर फेकून दिली. पुढे ते बियाणे पिशवीतच मिसळून देण्याची पद्धत आली. या झाडांवर वाढलेले साधे पतंग कणखर पतंगांशी मिलन करतात, त्यामुळे कणखर प्रजा वाढण्याचा वेग कमी होतो.

४. धूळपेरणी टाळावी. मे महिन्यात लागवड केल्यास गुलाबी अळीच्या पहिल्या पिढीला आयती फुले मिळतात. शक्यतो लवकर तयार होणारा वाण घ्यावा.

५. हेक्टरी पाच कामगंध सापळे लावावेत. सलग तीन रात्री प्रत्येक सापळ्यात आठ किंवा अधिक पतंग आढळले, अथवा शंभरांपैकी दहा फुले वा हिरवी बोंडे प्रादुर्भावग्रस्त दिसली, तर शिफारशीप्रमाणे फवारणी करावी. डोमकळ्या दिसताच तोडून अळीसह नष्ट कराव्यात.

६. फरदड घेऊ नये. डिसेंबरअखेर शेत मोकळे करावे, पऱ्हाटी बांधावर रचून ठेवू नये. अळीचा हंगाम तोडणे हा आज सर्वांत खात्रीचा उपाय आहे.

७. बीटी भुकटी पाने खाणाऱ्या अळ्यांसाठी उपयुक्त आहे. उन्हातील अतिनील किरणांनी तिचा असर लवकर जातो, म्हणून फवारणी सायंकाळी करावी. बोंडात शिरलेल्या गुलाबी अळीपर्यंत मात्र ती पोचत नाही.

८. 'दोन प्रथिनांचे, तीन जनुकांचे जिवाणू' अशी जाहिरात करून कोणी बाटली विकत असेल, तर आधी बाटलीवर केंद्रीय कीटकनाशक मंडळाचा नोंदणी क्रमांक पाहावा. जनुक बदललेला जिवाणू शेतात सोडण्यास शासनाची स्वतंत्र परवानगी लागते. रायझोबियम व स्फुरद विरघळवणारे जिवाणू एकत्र मिसळणे ही वेगळी गोष्ट. ते दोन जिवाणू आहेत, एका जिवाणूतील दोन प्रथिने नव्हेत.

बीजी-२ कपाशी निरुपयोगी झाली, असा या सांगण्याचा अर्थ कोणी काढू नये. हिरव्या आणि ठिपक्यांच्या बोंडअळीसाठी तिचा उपयोग आहे. गुलाबी अळीसाठी मात्र केवळ तिच्यावर विसंबून राहता येणार नाही.

प्रयोगशाळेत शास्त्रज्ञ जिवाणूतली जोडी टिकवण्यासाठी रोज खाद्यात दोन औषधे घालतो, शिळे विरजण फेकून देतो, तापमान सांभाळतो आणि प्रमाण मोजतो. शेतातली जोडी सांभाळायला असा शास्त्रज्ञ येणार नाही. ताजे, पावतीचे बियाणे, वेळेवर लागवड, बिगर-बीटीच्या ओळी, सापळ्यांची रोजची नोंद आणि वेळेवर मोकळे केलेले शेत हीच आपली राखण. यंदाच्या खरिपात आपल्या गावात निदान फरदडीबाबत सर्वांनी मिळून निर्णय घ्यावा. एकाच्या शेतात उभी राहिलेली फरदड शेजारच्या दहा जणांच्या बोंडात उतरते.